कोरा गुडघा

माझे गुडघे महाराष्ट्रातले सर्वांत चांगले गुडघे आहेत अशी बातमी आली, त्या सकाळी प्राजू आमच्या अंगणात येऊन थुंकली.

प्राजू म्हणजे प्राजक्ता खोत, माझ्या थोरल्या चुलत्याची मुलगी. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात दोन्ही घरं शेजारी-शेजारी, मध्ये कमरेएवढी भिंत. ती भिंत ओलांडून प्राजू लहानपणापासून रोज आमच्याकडे यायची. त्या दिवशी मात्र ती फाटकातून आली, एखाद्या परक्या माणसासारखी.

"पहिली निवड व्हय?" ती म्हणाली. "आयत्या बिळावर नागोबा! हर्षे, आयुष्यात एक तरी चढाई केलीयास का गं?"

"घरी जा, प्राजू."

"जाते की. पण एक सांग. तुझं गुडघं चांगलं हायत, ते कुणामुळं?"

मी दार लावून घेतलं. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मला दिवसभर सतावत राहिलं.

तिला एवढा राग का आला, हे कळायला आधी ‘शेष’ म्हणजे काय ते कळलं पाहिजे. त्याची सुरुवात अमेरिकेत झाली. तिकडच्या फुटबॉलला फुटबॉल का म्हणतात देव जाणे, कारण त्यात सगळा मामला हातांचाच. त्यात चेंडू काखोटीला मारून समोरच्या आडदांड गड्यांच्या घोळक्यात घुसणारा एक जण असतो, त्याला रनिंग बॅक म्हणतात. बाविशीत लोक त्याला डोक्यावर घेतात, सत्ताविशीत त्याचे गुडघे कुरकुरायला लागतात, आणि संघ त्याला सोडून पुढच्या पोराकडे वळतो. दरवर्षी नवी पोरं निवडताना तिथल्या संघांना एकच घोर: यातला कोण किती टिकेल?

त्यावर एका प्रयोगशाळेनं यंत्र काढलं. गुडघ्याला पट्टा बांधायचा. त्यातून कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी आत सोडायच्या. गुडघ्यात हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट बंध असतात. त्यांचे धागे सलग असले की लहर सरळ निघून जाते. धागे तुटून पुन्हा जुळलेले असले की लहर तिथं अडखळते. अशा हजारो अडखळी मोजून यंत्र आकडा सांगतं, की हा गुडघा जोराची अजून किती वळणं सोसेल. शेकडो रनिंग बॅकवर कित्येक वर्षं ताडून पाहिलं आणि आकडा खरा ठरला. ज्याचा आकडा संपत आला, त्याचा गुडघा गेला.

मग ते यंत्र कबड्डीत आलं. चढाईपटू आणि रनिंग बॅक यांच्यात फरक तो काय? दोघंही एकटेच समोरच्यांच्या गर्दीत घुसतात, ऐन वेगात गर्रकन वळतात, आणि दोघांचेही गुडघेच आधी जातात. आपल्याकडे त्या आकड्याला ‘शेष’ म्हणायला लागले. आमच्या महिला लीगमध्ये लिलाव नाही, संघ पाळीपाळीनं खेळाडू निवडतात. दोन वर्षांत त्या निवडीत दुसरं काही बघायचंच बंद झालं. हात किती लांब, दम किती, डोकं किती चालतं, हे सगळं मागाहून. आधी पट्टा बांधा.

माझा शेष अकरा हजारांच्या वर होता. प्राजूचा नऊशे. तिचं नाव कुणी पुकारलंसुद्धा नाही.

आता माझ्या वडलांबद्दल. रणजित खोत हे नाव जुन्या कबड्डीवाल्यांना आठवत असेल. राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, भर चढाईत, त्यांचा उजवा गुडघा गेला. ऊस मोडल्यासारखा आवाज आला, असं ते सांगतात. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. पाय अजून ओढत चालतात. पप्पा वाईट नाहीत, हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल. मलाही कित्येकदा वाटलंय.

यंत्र आलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पप्पांनी एका रात्रीत सगळं गणित मांडलं. गुडघा म्हणजे बियाण्याचं पोतं, वापरलं की संपलं. मग पोरीला खेळ शिकवायचा, पण गुडघा खर्चायचा नाही. त्यांनी या प्रकाराला ‘बसून तालीम’ असं नाव दिलं. मी बाजेवर बसायची, डोळ्यांना चष्मा लावून. समोर मातीत प्राजू चढाई करायची, तिच्या कपाळाला कॅमेरा बांधलेला. तिला जे दिसायचं ते मला चष्म्यात दिसायचं. तिच्यावर साखळी करून चार पोरी धावून आल्या की मी बाजेवरच मागे सरकायची. मी बसल्या जागी हात टाकायची, मान वळवायची, ‘डावीकडं!’ म्हणून ओरडायची. वळायची ती. पडायची ती. गुडघ्याला हळद लावून घरी जायची तीच.

प्राजूला सांगितलं होतं, की कॅमेरा तिच्या चुका दाखवण्यासाठी आहे. तिला वाटायचं, तात्या, म्हणजे माझे पप्पा, आपल्याला घडवतायत. दहा वर्षं तिला तसंच वाटत होतं. तिचे गुडघे माझ्यासाठी खर्ची पडतायत, हे मला बाराव्या वर्षीच कळलं होतं. मी गप्प बसले. बसायची सवयच होती.

निवड झाली आणि मी सह्याद्री रणरागिणी संघात गेले. तिथं अशाच बापांनी जपून ठेवलेल्या आम्ही पाच जणी होतो. जुन्या खेळाडू आम्हाला ‘झाकल्या मुठी’ म्हणायच्या. सव्वा लाखाच्या, उघडायच्या मात्र नाहीत. सरावात आम्ही मॅटवर उतरलो की त्या मुद्दाम हसायच्या. हसण्यासारखंच होतं. समोरचीचे डोळे कुठं जातायत ते मला कळायचं, ती कधी झेप घेणार तेही कळायचं. पण पाय ऐकतील तर शपथ! नाचायला शिकवलेल्या माणसाला कुणीतरी दुसऱ्याचे पाय लावून दिलेत, तसं व्हायचं. शिवाय प्रशिक्षक कुडाळकर मॅडम मला सामन्यात दोन चढाया द्यायच्या, त्याही जाऊन नुसत्या परत येण्याच्या.

"मॅडम, मला खेळू द्या," मी एकदा म्हणाले.

"तुला जपायला घेतलंय, खोत. खेळायला बाकीच्या आहेत."

"मग दहा वर्षांनी खेळू?"

"तेव्हाही तुझा शेष सगळ्यांत जास्त असेल," त्या म्हणाल्या. त्यांना यात काही वावगं दिसत नव्हतं.

पहिल्या महिन्यात मनवाचा गुडघा गेला. मनवा आमच्या पाचांतली, नाशिककडची. शेष माझ्या खालोखाल. तिच्या अंगाला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. बोनसचा गुण घेऊन वळली आणि खाली बसली. मॅटचा चिकटपणा वाढलाय, असं सांगून मॅट बदलली. मग दुसरीचा गेला, नव्या मॅटवर. मग तिसरीचा. ज्या जुन्या बायकांचा शेष हजाराच्या आत होता, ज्यांना संघ उद्या-परवा काढणारच होता, त्या मात्र रोज आपटत होत्या आणि रोज उठत होत्या.

मी काही शास्त्रज्ञ नाही, पण मला मोजता येतं. मी संघाचे डॉक्टर केतन बिवलकर यांच्या खोलीत गेले. शेष मोजायचं काम त्यांचंच होतं. उंच, गोरे, कधीही कुणाच्या डोळ्यांत न बघणारे गृहस्थ.

"सर, कोऱ्या पोरींचेच गुडघे का जातायत?"

त्यांनी हातातला पट्टा टेबलावर ठेवला. "दार लाव," म्हणाले. मग माझ्याकडे न बघताच बोलायला लागले.

"खुरपं धरणाऱ्या बाईचा तळहात पाहिलायस? घट्टे असतात. ती जखमच असते, पुन्हापुन्हा भरून आलेली. गुडघ्यातला बंध हा मेलेला दोर नाही, जिवंत आहे. थोडा ताण बसतो, काही धागे तुटतात, शरीर तिथं नवे धागे भरतं, जुन्यापेक्षा दाट. वाढीच्या वयात हे झालं तर बंध जाड होतो. आपलं यंत्र त्या प्रत्येक भरलेल्या जागेला झीज म्हणून मोजतं. घट्ट्यांना जखमा समजतं."

"आणि ज्यांना घट्टेच नाहीत?"

"त्यांना ते अव्वल नंबर देतं. तुझा बंध आरशासारखा स्वच्छ आहे, खोत. आणि सुतळीएवढा."

"मग अमेरिकेत आकडा खरा कसा ठरला?"

"कारण ते रनिंग बॅक सात-आठ वर्षांचे असल्यापासून धावत होते. घट्टे सगळ्यांनाच होते. त्यांच्यात ज्याची झीज जास्त, तो आधी गेला. यंत्र बरोबरच होतं. पण त्या मोजणीत बसवून ठेवलेला एकही माणूस नव्हता. तसा माणूस तेव्हा जगातच नव्हता. तो आकडा आल्यावर तुम्ही तयार केलात. तुम्ही आणि तुमच्या वडलांनी."

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"मनवापासून संशय होता. तिसरीनंतर खात्री."

"मग सांगत का नाही?"

आता त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "निवडीचा सगळा डोलारा या आकड्यावर उभा आहे. आठही संघांनी त्याच्यावर खेळाडू घेतलेत. मी बोललो तर उद्या माझ्या जागी दुसरा येईल आणि तोच पट्टा बांधेल. तू जोरात वळू नकोस, एवढंच सांगतो. दोन वर्षं हळूहळू भार वाढवत नेला तर तुझा बंध कदाचित धरेल. आणि बाहेर बोललीस, तर मी असं काही म्हणालोच नाही, असं सांगेन."

"तुम्ही मनवाला भेटायला गेलात?"

"नाही," ते म्हणाले. मी दार उघडं टाकून बाहेर आले.

हंगामाच्या मधल्या सुट्टीत घरी गेले, तर आमच्या रानात पत्र्याची मोठी शेड उभी. आत तीस बाजा. तीस बाजांवर तीस पोरी, आठ-दहा वर्षांच्या, डोळ्यांना चष्मे लावून बसलेल्या, रिकाम्या हवेत हात मारतायत. पायांवर गोधड्या. गारठ्यानं बंध आखडतात म्हणे. पप्पा काठी घेऊन मधून फिरत होते. माझी निवड झाल्यापासून तालुक्यातून लोक पोरी आणून घालत होते.

मी सगळं सांगितलं. घट्टे, सुतळी, मनवा, सगळं. पप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं, तेव्हाच मला कळलं की ते ऐकतच नाहीयेत.

"बिवलकर टीमचा मानूस," ते म्हणाले. "तुला हलकी ठरवायची, दाबून ठेवायची, ह्यो डाव हाय त्याचा. तू भोळी हायस."

"पप्पा, तीन पोरींचे गुडघे गेले!"

"त्यांच्या बापांनी चोरून खेळवलं असंल. पट्टा आन गं कुणीतरी."

एका पोरीनं पट्टा आणला. पप्पांनी सगळ्यांदेखत माझ्या गुडघ्याला बांधला. आकडा उजळला, अकरा हजार दोनशे. त्यांनी तो सगळ्या पोरींकडे वळवून दाखवला. "हे यंत्र हाय. ह्याला ना बाप, ना टीम. हे खोटं बोलत न्हाई."

"उठवा या पोरींना. मातीत खेळू द्या त्यांना. तुमच्या पायात जे घट्टे होते ते यांना—"

"माझ्या पायाचं नाव काढू नकोस!" त्यांचा आवाज शेडभर घुमला. "मी ह्या पायानं पंचवीस वर्षं काय भोगलंय ते तुला ठावं न्हाई. तुला तसलं काय हुईल म्हणून तुला फुलासारखी ठेवली, आन तू मलाच शिकवतीस?"

"फुलासारखी ठेवलीत, पप्पा. म्हणूनच ती मोडणार."

आरडाओरडा ऐकून प्राजू शेडच्या दारात येऊन उभी राहिली होती. हाताला माती. ती अजून गावच्या संघातून खेळत होती, जत्रेतल्या स्पर्धा, मिळेल तिथं. अंगणात थुंकली त्या सकाळनंतर ती माझ्याशी शब्दही बोलली नव्हती.

"एवढा इश्वास हाय ना आकड्यावर?" मी पप्पांना म्हणाले. रागाच्या भरात माझ्या तोंडी गावची बोली आली. "मग करते मी चढाई. हितंच. हायत ना अकरा हजार?"

मला वाटलं होतं ते अडवतील. देवाशपथ, मला वाटलं होतं, की वेळ आली की बाप आकड्यावर विश्वास ठेवणार नाही, पोरीवर ठेवील.

"कर की," पप्पा म्हणाले. "अकरा हजारांतली एक गेली. प्राजे, मैदानात हो. धर हिला."

"मी न्हाई धरत, तात्या."

"धर म्हणतो न्हवं! बघू दे पोरींना."

प्राजू आली. माझ्याकडे बघत म्हणाली, "हर्षे, मला तुझा राग हाय, पण एवढा न्हाई. माघारी जा." मी गेले नाही. शेडसमोर आखलेल्या मैदानाची रेषा मी ओलांडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या पायांनी, खऱ्या मातीत, पूर्ण जोरानं आत गेले. काय सांगू! चष्म्यातलं सगळं खरं होतं. प्राजूचा भार कुठल्या पायावर आहे, ती कुठून येणार, सगळं मला आधीच दिसत होतं. मी हात टाकला, तिच्या खांद्याला बोटं लागली. मी हसलेसुद्धा. मग परत फिरायला वळले.

पप्पांनी सांगितलेला तो आवाज खराच तसा येतो.

मी मातीत पडले तेव्हा प्राजू माझ्यापासून हातभर दूर होती, दोन्ही हात पसरून तशीच थांबलेली. तिनं मला स्पर्शही केला नव्हता. सगळ्यांनी पाहिलं होतं. पप्पा काठी टाकून, आपला पाय ओढत धावत आले, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि लहान पोरासारखे रडले. ते रडणं खोटं नव्हतं. म्हणूनच पुढचं मला कधी विसरता येणार नाही.

डोळे पुसून ते शेडकडे वळले. पोरींनी चष्मे काढले होते, काही जणी रडत होत्या.

"बघितलंत?" पप्पा म्हणाले. "बघितलंत चढाई काय करती ती? एक चढाई! म्हणून सांगतो, बसा. चष्मं लावा."

आणि मग प्राजूकडे बोट करून, "हिनं वढली. जळती ना पहिल्यापास्नं."

ऑपरेशन होऊन घरी आले तर गावात तीच गोष्ट पसरली होती. प्राजूनं मोडला. गावच्या संघानंही तिला बाहेर बसवलं. आणि शेडमध्ये एकही पोरगी कमी झाली नव्हती. उलट चार वाढल्या होत्या. आई मला भात भरवता-भरवता हे सांगत होती. बिवलकरांना मी फोन केला, त्यांनी उचलला नाही.

कुबड्यांवर उभं राहता आलं, त्या सकाळी मी शेडच्या फाटकात जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं प्राजूही आली.

"तुझ्यासाठी आले न्हाई," ती म्हणाली. "माझ्यावर आळ आलाय, म्हणून आले."

"बरं."

"आन बरी झालीस की माझ्याशी खेळ. खेळवून-खेळवून रडवणार हाय तुला, दहा वर्सांचं उट्टं."

"बरं," मी म्हणाले. याहून चांगलं काही ती मला बोलली असती तर मला खोटं वाटलं असतं.

पोरींना सोडायला बाया येत होत्या. प्रत्येकीला मी थांबवलं, पाय दाखवला, घट्टे आणि सुतळीची गोष्ट सांगितली. काही जणी न थांबता आत गेल्या. एक मात्र थांबली. शेतावरून आलेली, डोक्याला टॉवेल, हाताला धरलेली आठेक वर्षांची मुलगी. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. प्राजूला दोन प्रश्न विचारले, अगदी नेमके. आपला तळहात उलटा करून घट्ट्यांकडे पाहिलं.

"पटतंय गं बाई," ती म्हणाली. "तुझं खरं असंल. खरंच हाय. पण मला सांग, पुढल्या वर्सी निवडीत काय बघणार हायत? आकडाच न्हवं?"

"हो," मी म्हणाले.

"मग?" ती म्हणाली, आणि पोरीला घेऊन आत गेली.

मला पप्पांचा राग आला होता, बिवलकरांचा आला होता, माझा स्वतःचा तर होताच. त्या बाईचा आला नाही. तिचं बरोबर होतं, आणि ते तसं बरोबर असण्याचाच मला इतका संताप आला की डोळ्यांपुढं अंधारी आली. प्राजूनं विचारलं, बसतेस का जरा. मी नाही म्हणाले. मी दोन्ही कुबड्या फाटकाच्या मधोमध रोवल्या आणि रस्त्यावरून पोरीला घेऊन येणाऱ्या पुढच्या बाईला हाक मारली.